खुळ्यांची थोरवी

स्वस्तातल्या होस्टिंगवर संकेतस्थळ चालवायचं आणि वर रोज रात्री आपल्या डेटाबेसची प्रत स्वतः उतरवून घ्यायची, असं करणारा माणूस आमच्या भागात खुळा ठरतो. सर्व्हर नीट चालू असताना तो बंद पडणारच असं धरून तो वागतो. कंपनीनं बॅकअपची जाहिरात केलेली असताना स्वतःचा बॅकअप ठेवतो. तो बॅकअप चालतो का हे बघायला, काहीही मोडलेलं नसताना सगळं दुसरीकडे पुन्हा उभं करतो. एवढं झाल्यावर शेजारी कागदाची वहीही उघडून ठेवतो. चारचौघं त्याला हसतात. मला त्याची स्तुती करायची आहे आणि ती मनापासूनची आहे. शेअर्ड होस्टिंगवरच्या डेटाबेसमध्ये भरवशाचं काही असेल, तर ते या माणसाचं खूळ आहे.

मलकापूर ही शाहूवाडी तालुक्याची बाजारपेठ. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं गाव, पुढे आंबा घाट, बाजूला विशाळगडाचा डोंगर. अशा गावात खत-बियाण्याचं दुकान असतं, पतसंस्था असते, शाळा असते, आणि आंबा घाटाच्या अंगाला पावसाळी शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देणारे असतात. यांतल्या बहुतेकांना स्वतंत्र सर्व्हर परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. वर्षाला काही हजार रुपये भरले की शेअर्ड होस्टिंगवर जागा मिळते, सी-पॅनेल मिळतं, बटण दाबलं की वर्डप्रेस बसतं. त्याच्या मागे मायएसक्यूएलचा डेटाबेस उभा राहतो आणि गिऱ्हाइकांची नावं, नोंदण्या, येणी-देणी त्यात साठू लागतात. ही सोय चांगली आहे. लहान गावातल्या माणसाला तिनं जगाच्या बाजारात दुकान मांडू दिलं. पण वाटून घेतलेल्या जागेचा स्वभाव ओळखूनच तिथं राहावं लागतं, आणि तो स्वभाव खुळ्यानं नीट ओळखलेला असतो.

शेअर्ड होस्टिंगच्या एका यंत्रावर शेकडो ग्राहकांची संकेतस्थळं असतात आणि बहुधा त्या सगळ्यांना मिळून मायएसक्यूएलची एकच सेवा चालू असते. मायएसक्यूएल एका वेळी किती जोडण्या घेईल याला मर्यादा आहे. मूळ मांडणीत हा आकडा १५१ आहे आणि कंपनी प्रत्येक ग्राहकाला त्यातला छोटा वाटा देते. आता त्याच यंत्रावरच्या कुणा अनोळखी शेजाऱ्यानं लाखो ओळींच्या टेबलवर इंडेक्स न लावता शोध चालवला, की डिस्क त्याच्या कामात अडकते आणि बाकीचे ताटकळतात. ताटकळलेल्या जोडण्या साचतात, मर्यादा भरते आणि नव्या माणसाला दार बंद होतं. कधी यंत्राची मेमरीच संपते. तेव्हा लिनक्स आपला जीव वाचवायला एखादा प्रोग्राम ठार करतो, आणि सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेला मायएसक्यूएल बहुधा पहिला बळी जातो. मलकापुरातल्या दुकानदाराला यांतलं काहीच दिसत नाही. त्याच्या पडद्यावर एवढंच येतं, की डेटाबेसशी जोडणी होत नाही. त्याच्याकडून काहीही चुकलेलं नसतं.

सेवा मेली तरी नोंदी मरू नयेत यासाठी या प्रणालीत उपाय केलेला आहे. इनोडीबी हा मायएसक्यूएलचा साठवणीचा प्रकार प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मग सवडीनं टेबलात उतरवतो. आपल्या पेढ्यांवर आधी रोजकीर्द आणि मग खतावणी लिहितात, तोच हा क्रम. मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून हिशोब जुळवतो. २०१० साली आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून हाच प्रकार आपोआप निवडला जातो. त्याच्या आधीचा मायआयसॅम असा लॉग ठेवत नव्हता; सेवा मध्येच थांबली की टेबल मोडायचं आणि दुरुस्तीची आज्ञा द्यावी लागायची. जुन्या संकेतस्थळांत अशी टेबलं अजूनही निघतात. शिवाय, लॉग प्रत्येक व्यवहाराला डिस्कवर पक्का करायचा की सेकंदातून एकदा, हे सर्व्हर चालवणारा ठरवतो. वेग वाढावा म्हणून दुसरी सवलत घेतली, तर यंत्र बंद पडल्यावर शेवटच्या सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. ही निवड ग्राहकाच्या हातात नसते. खुळ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो आपल्या हातात असलेल्या गोष्टींकडे वळतो.

शहाण्यांचा सगळा भरवसा ९९.९ टक्क्यांवर असतो. सर्व्हर एवढा वेळ चालू राहील, असा हा आकडा जाहिरातीत ठळक छापलेला असतो. त्याचा हिशोब करून बघावा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास आणि महिन्याला सुमारे ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ती मिनिटं कोणत्या दिवशी येतील हे सांगितलेलं नसतं. पावसाळी शनिवारच्या सकाळी, नोंदणीच्या ऐन वेळी आली तरी वचन मोडत नाही. दुसरं असं, की हा आकडा सर्व्हर चालू असण्याबद्दल बोलतो, तुमच्या नोंदी शाबूत असण्याबद्दल बोलत नाही. रिकामा डेटाबेस घेऊन चाललेला सर्व्हरही हिशोबात चालूच धरला जातो. भरपाई मिळालीच तर ती होस्टिंगच्या भाड्यातून मिळते. तीन वर्षांच्या गिऱ्हाइकांची यादी गेली, तर त्या यादीची किंमत कुणी देत नाही. आणि बहुतेक कंपन्यांच्या करारात एक कलम असतं: आम्ही बॅकअप घेत असलो तरी स्वतःचा बॅकअप ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. खुळा हे कलम वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो.

या खुळाचं घराणं जुनं आहे आणि ते आमच्याच मुलखातलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे लिहिलं, त्यात एकच दरवाजा असणं हा किल्ल्याचा मोठा दोष मानला आहे; गडाला जास्त दरवाजे आणि चोरवाटा ठेवाव्यात असं त्यांचं सांगणं आहे. ज्या वाटेनं रोज कुणी जात नाही ती वाट खर्च करून बांधायची आणि सांभाळायची, हे शांततेच्या दिवसांत खुळेपणाचंच दिसतं. पण पंतांनी १६८९ नंतरचे दिवस पाहिले होते. रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि इकडचा कारभार पंतांनी सांभाळला, त्यात विशाळगडाचा मोठा आधार होता. राज्य एकाच ठिकाणी एकवटलेलं नव्हतं म्हणून एक ठिकाण गेल्यावरही ते टिकलं. पुढे १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि तिथल्या पंतप्रतिनिधी जहागीरदारांचं ठाणं मलकापुरात आलं. मूळ जागा गेल्यावर कारभार दुसरीकडून चालवावा लागतो, हे या गावाच्या इतिहासातच आहे.

मोठ्यांनाही या खुळाची गरज पडते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता मागे पडलेल्या दुय्यम डेटाबेसची दुरुस्ती करत होता. दुय्यम सर्व्हरवर द्यायची पुसण्याची आज्ञा त्याच्या हातून मुख्य सर्व्हरवर गेली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं. कंपनीकडे बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या आणि त्या रात्री एकही धड कामाला आली नाही. रोजची डंप फाइल, म्हणजे डेटाबेसच्या मजकुराची प्रत, तर तयारच होत नव्हती, कारण डंप काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती. त्या अपयशाची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. त्यांना वाचवलं ते एका प्रतीनं, जी एका कर्मचाऱ्यानं सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हातानं काढून ठेवली होती. सहा तासांचं काम गेलं, बाकीचं परत आलं. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, जाहीर लिहून काढलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं. बॅकअप आहे असं वाटणं आणि बॅकअप असणं यांतलं अंतर फक्त रिस्टोर करून पाहिल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ओव्हीएच या कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली आणि एक पाच मजली इमारत जळून गेली. माणसं सुखरूप राहिली, पण लाखो संकेतस्थळं बंद पडली. ज्यांची प्रत दुसऱ्या शहरात होती ते काही दिवसांत परत उभे राहिले. ज्यांचा बॅकअपही त्याच ठिकाणी होता त्यांचं मूळ आणि प्रत दोन्ही एकत्र गेलं. आपल्या सी-पॅनेलमधून बॅकअप काढून त्याच खात्यात ठेवणारे असंख्य लोक आजही त्याच भरवशावर आहेत. त्यांतले काही जण तर ती फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवतात. तिचं नाव ओळखलं तर कुणीही परका माणूस ती उतरवून घेऊ शकतो.

खुळ्याची कामाची पद्धत बारकाईनं बघण्यासारखी आहे. तो डंप काढतो, म्हणजे सगळी टेबलं आणि नोंदी आज्ञांच्या साध्या मजकुरात लिहिलेली फाइल बनवतो. ही फाइल दुसऱ्या कंपनीच्या मायएसक्यूएलवर किंवा मारियाडीबीवर बहुधा चढवता येते, म्हणून तो कुणाचाही बांधील राहत नाही. डंपच्या आज्ञेत सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावला, की इनोडीबी टेबलांची एकाच क्षणाची प्रत मिळते आणि काम चालू असताना टेबलांना कुलूप लागत नाही. पीएचपीमायअॅडमिन या ब्राउझरमधल्या साधनातून मोठी फाइल काढताना वेळेची मर्यादा संपून ती अर्धवट तुटू शकते. म्हणून तो शक्य तिथे मायएसक्यूएलडंप ही आज्ञा वापरतो आणि फाइलची शेवटची ओळ उघडून बघतो. डंप पूर्ण झाला असं तारखेसह तिथं लिहिलेलं असेल तरच तिला तो प्रत म्हणतो. ती ओळ नसेल तर फाइल कितीही जड असो, ती अपुरी आहे.

मराठी माणसाला तर या खुळाची जास्तच गरज आहे. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत आपोआप मिळणारा अक्षरसंच लॅटिन होता. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. जुन्या लॅटिन टेबलांमधून युटीएफ-८ च्या टेबलांमध्ये नेताना अक्षरसंचाची सांगड चुकली, की डंप निघतो, रिस्टोरही होतो, कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही, आणि सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहतात. आकडे शाबूत आणि माणसं गायब. जुना सर्व्हर चालू असताना हे लक्षात आलं तर तासाभरात दुरुस्त होतं. जुना सर्व्हर गेल्यावर लक्षात आलं तर ती नावं पुन्हा घरोघर जाऊन लिहून आणावी लागतात. न मोडलेला डेटाबेस दुसरीकडे उभा करून त्यातली दहा मराठी नावं वाचून बघणारा माणूस वेळ घालवत नसतो.

राहिली कागदाची वही. तिच्यावरून त्याला सर्वांत जास्त बोलणी बसतात. पण शाहूवाडीचा पाऊस ज्यानं पाहिला आहे तो हसणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. अशा दिवसांत वीज जाते, मोबाइलचा टॉवर जातो, आणि दूरच्या शहरातला सर्व्हर ठणठणीत असूनही मलकापुरात बसलेल्या माणसाला तो नसल्यासारखाच असतो. त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद वहीतच होते आणि लाइन आल्यावर डेटाबेसमध्ये चढते. गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागत नाही. तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकून ज्यांचा रोजगार बुडाला आहे, त्यांना या वहीची किंमत सांगावी लागत नाही.

‘कंपनीकडं असतंय की सगळं, कशाला डोकं घालतोस?’ असं त्याला म्हणतात. कंपनीकडे सगळं असतंच असं नाही, आणि असलं तरी तुमचं खातं थकलं, बंद झालं किंवा कंपनीच दुसऱ्या कंपनीला विकली गेली तर ते तुमच्या हाती येईलच असं नाही. दुसरा सल्ला असतो, की जास्त पैसे भर आणि स्वतंत्र व्हीपीएस, म्हणजे स्वतःपुरता आभासी सर्व्हर, घे. धंदा वाढला तर जरूर घ्यावा. शेजाऱ्याचा त्रास त्यानं बराच कमी होतो. पण तिथं डेटाबेसची देखभाल, सुरक्षा आणि बॅकअप हे सगळं तुमच्याच गळ्यात येतं. ज्याला शेअर्ड होस्टिंगवर रोजची प्रत घेण्याची सवय नाही, तो महागड्या सर्व्हरवरही तितकाच उघडा राहतो. सवय विकत मिळत नाही.

म्हणून माझी विनंती आहे, खुळे व्हा. आज रात्रीच आपल्या डेटाबेसचा डंप काढा. त्याची एक प्रत आपल्या संगणकावर आणि एक गावाबाहेर, दुसऱ्याच कंपनीच्या जागेत ठेवा. महिन्यातून एकदा ती रिकाम्या डेटाबेसवर चढवा, नोंदींची संख्या मोजा, मराठी नावं वाचा. हे कसं करायचं ते एका कागदावर मराठीत लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही आजारी असलात तरी घरातलं दुसरं कुणी करू शकेल. पतसंस्थेचे संचालक असाल तर पुढच्या सभेत एवढंच विचारा, की शेवटचा बॅकअप कधी रिस्टोर करून बघितला. आणि तुमच्या गावात असा कुणी खुळा असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याकडून शिकून घ्या.