हैदराबादच्या कुत्रेवाल्या काकू

कुत्रेवाल्या काकू हा प्रकार हैदराबादच्या मराठी समाजात हमखास आढळतो. वय पन्नाशीच्या पुढे, मुले मार्गी लागलेली, गुडघे कुरकुरणारे आणि आवाज खणखणीत. शेजारचे तेलुगू लोक त्यांना ‘कुक्कल आंटी’ म्हणतात. सोसायटीची कमिटी काय म्हणते ते छापण्याजोगे नसते.

यांत दोन पोटजाती आहेत. जुनी पोटजात सुलतान बाजार, काचिगुडा, इसामिया बाजार या भागांत वाढलेली, 1907 साली स्थापन झालेल्या विवेक वर्धिनीत शिकलेली आणि मराठीत ‘हौ’, ‘नक्को’ सहज पेरणारी. नवी पोटजात मुलाच्या आयटीतल्या नोकरीमागोमाग पुण्याहून येऊन कोंडापूर, नल्लागंडला इथल्या चौदाव्या मजल्यावर राहते. दोघींचे एकमेकींशी फारसे पटत नाही. पिल्लू आजारी पडले की तेवढ्यापुरते पटते. दोघीही कुत्र्यांशी मराठीत, वॉचमनशी तेलुगूत, रिक्षावाल्याशी दखनीत आणि कमिटीशी इंग्रजीत बोलतात. कुत्र्यांना यांतल्या सगळ्या भाषा कळतात. ऐकण्याच्या बाबतीत मात्र ती आणि कमिटी सारखीच.

स्कूटरच्या डिकीवरून काकू ओळखाव्यात. तीत बीटाडीन, हळदीची पुडी, पट्टा, जुनी चादर, गोचिड काढायचा चिमटा आणि ग्लुकोज बिस्किटांचे पुडे असतात. बिस्किटे कुत्र्यांना चांगली नाहीत हे काकू सगळ्यांना बजावतात. पुडे फक्त ‘ओळख करून घ्यायला’. काळे कपडे घालणे त्यांनी केव्हाच सोडलेले असते.

घराणे देशस्थ ब्राह्मणाचे असेल, आणि हैदराबादेत ते बहुधा असतेच, तर खरे नाट्य स्वयंपाकघरात घडते. रस्त्यावरच्या वीस-बावीस कुत्र्यांना रोज भात लागतो आणि नुसत्या भाताकडे ती ढुंकून पाहत नाहीत. त्यामुळे कोंबडीचे पाय आणि माना आणाव्या लागतात. हे शिजवण्यासाठी बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळी पळी आणि वेगळे पातेले असते; घरात त्याचा उल्लेख ‘ते पातेले’ एवढाच होतो. सासूबाईंना नव्वदीत ऐकू येत नाही, दिसत नाही, पण वास येतो. काकू देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडे बोट दाखवतात: दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, आणि ते चार वेद मानतात. यावर सासूबाईंचे उत्तर ठरलेले असते: ‘वेदांनी सोफा फाडला नव्हता.’ काका या वादात पडत नाहीत. त्यांचा कुत्र्यांना तत्त्वतः विरोध असतो आणि डॉक्टरांची बिले तेच भरतात.

काकूंचे ज्ञान मात्र पक्के असते. पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर, मग दरवर्षी. जंताचे औषध वेळच्या वेळी. अंगावर गोचिड आणि ताप दिसला की घरगुती उपाय न करता थेट रक्ततपासणी. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान. त्यामुळे प्रसादाचा शिरा, बिर्याणी आणि ‘थोडंसं दिलं तर काय होतंय’ म्हणणारे पाहुणे या तिन्हींवर त्यांची सारखीच नजर असते. कुणाला कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हे त्या लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

कायदाही त्यांना तोंडपाठ असतो. 2001चे कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम जाऊन 2023चे आले. त्यांनुसार नसबंदी आणि लस झालेले कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते, आणि त्याची खूण म्हणून कानाला खाच असते. खाऊ घालण्याची जागा जिना, फाटक आणि मुलांचे खेळण्याचे मैदान यांपासून दूर ठरवायची असते. हा नियम छापून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून काकू मीटिंगला जातात. सर्वोच्च न्यायालयाचा 22 ऑगस्ट 2025चा आदेशही त्या फायलीत वरच असतो, कारण त्यात कुत्री मूळ जागी सोडण्याची मुभा कायम राहिली. शाळा, इस्पितळे आणि स्थानकांच्या आवारातून कुत्री हटवून पुन्हा तिथे न सोडण्याचा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला आदेश फायलीत जरा मागे सापडतो.

फेब्रुवारी 2023मध्ये अंबरपेटला चार वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हापासून या मंडळींत सरळ दोन गट दिसतात. काही जणी तो विषय निघाला की उठून जातात. उरलेल्यांनी बिस्किटांवरचा खर्च कमी करून नसबंदीवर वाढवला. या शहराच्या खऱ्या उपयोगाच्या त्याच.

पण काकूंची कसोटी लागते ती पिल्लांना घर शोधताना. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि 63 दिवसांच्या आसपास विते. त्यामुळे पावसाळा सरता सरता काकूंच्या बाथरूममध्ये खोकी दिसू लागतात. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडायचे नाही हा नियम पाळून मग फोटोसत्र होते. गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या कार्यक्रमालाही एखादे खोके येते आणि नाट्यगीताला साथ मिळते. पांढरे-तपकिरी नर पहिल्या आठवड्यात जातात. काळ्या माद्या राहतात. ‘आमच्यात असला भेद नाही’ म्हणणारी माणसेही शेवटी ‘मेल आहे का?’ असेच विचारतात.

मागणी आली की मुलाखत सुरू होते. घर स्वतःचे की भाड्याचे? मालकाचे पत्र आहे का? दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा गॅलरीचे दार कोण लावणार? आणि अमेरिकेला कधी जाणार? हा शेवटचा प्रश्न खास हैदराबादी आहे. 1 ऑगस्ट 2024पासून अमेरिकेत न्यायचा कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप लावलेला असावा लागतो. शिवाय रेबीजच्या बाबतीत भारत जोखमीच्या देशांत मोडत असल्याने लशीचे जादा कागद लागतात. मुलाचा व्हिसा होतो, कुत्र्याचे कागद होत नाहीत आणि फोन काकूंना येतो.

काकूंचा खरा संताप हस्कीवर, म्हणजे हस्की घेणाऱ्यांवर असतो. डिसेंबरात हौसेने आणलेला हा बर्फातला प्राणी एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, धापा टाकत काकूंच्या दारात पोहोचतो. त्याला मात्र तासाभरात नवे घर मिळते. त्याच दारातली, इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली देशी कुत्री हे सोहळे शांतपणे पाहत असते.

दिलेले पिल्लू परतही येते. कारणे ठरावीक: मुलांच्या परीक्षा, केस गळणे, आणि ईशान्य कोपऱ्यात कुत्रा चालत नाही असा वास्तुतज्ज्ञाचा सल्ला. काकू कुत्र्याची जागा बदलून बघायला सांगतात, मग वास्तुतज्ज्ञ बदलायला सांगतात, आणि अखेर स्कूटर काढतात. जे टिकवतात त्यांनी दर रविवारी फोटो पाठवायचा असतो. चुकला तर काकू ‘इकडून चालले होते’ म्हणून येऊन धडकतात, मग त्यांचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

महापालिकाही या कामात उतरली आहे. 2018 साली कोंडापूरला तिने खास कुत्र्यांसाठी बाग उघडली. ऑगस्ट 2025मध्ये बंजारा हिल्सच्या जलगम वेंगळराव पार्कमध्ये देशी पिल्ले दत्तक देण्याचा मेळा आयोजित केला. अशा मेळ्यांना काकू निव्वळ पाहणीसाठी जातात आणि लशींच्या कार्डांत चुका काढतात. दुपारी मांडव उतरू लागला की न खपलेल्या पिल्लांची चौकशी करतात. काकांना घरी फोन जातो तो ‘ते पातेले’ शेगडीवर चढवायला सांगण्यासाठी.