पथ्यपंडित

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात पन्नाशीच्या आसपास ज्या अनेक मानवी जाती उदयास येतात, त्यांत पथ्यपंडित हा मधुमेही विशेष अभ्यासनीय होय. पथ्य मोडणारा रोगी सर्वत्र आढळतो. पथ्यपंडित मात्र पथ्य कधीच मोडत नाही, कारण तशी वेळ येण्यापूर्वीच त्याने त्यात अपवादाचे एक पोटकलम घालून ठेवलेले असते. आपल्याला मधुमेह आहे, असेही तो सहसा म्हणत नाही. ‘थोडी शुगर आहे, बॉर्डरलाइन’ एवढेच सांगतो. उपाशीपोटी रक्तशर्करा डेसिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली आणि फेरतपासणीतही तशीच आली, तर वैद्यकशास्त्र त्यास सरळ मधुमेह म्हणते. पथ्यपंडिताने ती सीमा ओलांडून एक तप लोटलेले असले, तरी स्वतःच्या हिशेबी त्याचा मुक्काम सीमेवरच असतो.

त्याचे पांडित्य मात्र खोटे नसते. ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे एखाद्या पदार्थातील कर्बोदके रक्तातील साखर किती चढवतात हे शुद्ध ग्लुकोजला १०० मानून ठरवलेले प्रमाण, टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडले, ही माहिती तो लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्यास वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत अखंड पुरवू शकतो. त्याच्या वाचनातून निसटते ते याच विषयाचे पुढचे प्रकरण, अर्थात ग्लायसेमिक भार. निर्देशांकाला पोटात गेलेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागले, की हा भार मिळतो. म्हणजे निर्देशांक ‘काय खाल्ले’ ते पाहतो, तर भार ‘किती खाल्ले’ तेही विचारतो, आणि पथ्यपंडिताचा व्यासंग पहिल्या प्रश्नाशीच संपतो. कलिंगडाचा निर्देशांक चढा आहे म्हणून तो फोडीला शिवत नाही, वास्तविक फोडीत बहुतांश पाणीच असल्याने तिचा भार किरकोळ असतो. उलट ज्वारीची भाकरी चालते, असे डॉक्टर एकदा म्हणाल्यापासून ती त्याच्या ताटात धावू लागते आणि चौथ्या भाकरीलाही तो पथ्याचेच खाते मानतो, जरी ज्वारीच्या पिठातही गव्हाप्रमाणेच सुमारे दोन-तृतीयांश कर्बोदके असतात.

त्याच्या संहितेतील अपवादांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला गुळाचा: साखर ही कारखान्याची आणि गूळ निसर्गाचा, या भेदावर तो पुरणपोळीला मोकळी वाट करून देतो, यद्यपि दोन्ही उसाचीच अपत्ये असून गुळातही मुख्यत्वे सुक्रोज, म्हणजे साखरच, असते. दुसरा वर्ग उपासाचा: साबुदाणा हे कंदातून काढलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि त्याच्या खिचडीत पडणारा बटाटाही पिष्टमयच, त्यामुळे ज्या एकादशीस त्याने ‘काहीच खाल्लेले नसते’, त्याच दिवशी त्याची साखर महिन्यातील उच्चांक गाठते. तिसरा वर्ग प्रसादाचा: सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप ही तिन्ही सव्वाच्या समान मापाने पडतात, परंतु नैवेद्य दाखवल्यावर त्यातील साखरेचे केवळ पावित्र्य उरते, अशी त्याची श्रद्धा असते, आणि प्रसादाला नाही म्हणू नये, हे तर शास्त्रच आहे. चौथा वर्ग सर्वांत सूक्ष्म असून तो अर्ध्याचा होय. मोदक वाढणाऱ्या वहिनींना तो ठणकावून ‘नको, नको, अर्धाच’ असे सांगतो. असे सहा अर्धे पानात पडले तरी त्यांची बेरीज तो करीत नाही, कारण प्रत्येक वेळी त्याग झालेला असतो तो अर्ध्या मोदकाचा. मोदकावर तूप मात्र तो सढळ मागून घेतो, कारण स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामे होते व साखर हळू चढते, हे त्याने वाचलेले असते. ते खरेही आहे, फक्त तुपाच्या ग्रॅममागे नऊ उष्मांक वाढतात, हे त्याच पानावर खाली छापलेले असते.

त्याच्या खिशातील पेढ्याची पुडी हा स्वतंत्र टिपणाचा विषय आहे. ‘हायपो’, म्हणजे रक्तशर्करा ७० च्या खाली घसरणे, ही इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत खरोखरच धोक्याची अवस्था असून तीवर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, असा संकेत आहे. पथ्यपंडित बहुधा एकट्या मेटफॉर्मिनवर असतो आणि त्या औषधाने हायपो क्वचितच होतो. तथापि मिठाईच्या दुकानावरून जाताना त्याला नेमकी चक्कर येते आणि खव्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा पोचणारा पेढाच तो औषध म्हणून निवडतो.

तपासणीची तारीख जवळ आली, की तो चार दिवस कारल्याचा रस पिऊन आणि मैदानाला दुप्पट फेऱ्या मारून अहवालाची पूर्वतयारी करतो. दुर्दैवाने एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेले ग्लुकोज मोजते आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने तिला मागील दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब ठाऊक असतो. आकडा ८.४ आला, की तो प्रयोगशाळा बदलतो.

बेरजेचे काम घरात गृहिणीकडे असते. ‘अहो, ही चौथी!’ या तीन शब्दांत ती ग्लायसेमिक भाराचा संपूर्ण सिद्धांत सांगते. पण तिने तो कोठे वाचलेला नसल्याने पथ्यपंडित त्यास शास्त्र मानीत नाही. आहारतज्ज्ञांचे म्हणणेही तिच्याहून फार वेगळे नसते: ताटाचा अर्धा भाग पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबीर यांनी भरावा, पाव भागात उसळ, डाळ, अंडे किंवा मासा असावा आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात बसवावा, हापूसची फोड हवी असल्यास त्या प्रमाणात पोळी कमी करावी. या नियमात कोणत्याही एका पदार्थास सरसकट बंदी नाही आणि नेमक्या याच कारणाने पथ्यपंडितास तो पसंत पडत नाही. कारण जेथे बंदी नाही, तेथे अपवादाला जागा उरत नाही.