कडेचे जाणकार

खो-खोचा हंगाम तोंडावर आला की मुली आणि कुमार मुलं एकत्र सराव करतात. त्या दिवसांत धाराशिवच्या मैदानावर सगळ्यात जास्त घाम गाळतो ते आम्ही, कडेला बसून.

"खांबाकडं वळायच्या आधी नजर द्यायची नसते," मी सुस्कारा टाकतो. असा सुस्कारा टाकायला अर्जुन पुरस्कार लागत नाही. तो गावात आहेच: भारताच्या माजी कर्णधार सारिका काळेंना 2020 चा मिळाला. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवून पहिला विश्वचषक घेतला. त्या संघात इथल्या अश्विनी शिंदे होत्या. त्या रात्री मी पेढे अशा थाटात वाटले की शेवटचा खो जणू मीच दिला होता.

माझी ही पारख मूळची शेळ्यांच्या बाजारातली. उस्मानाबादी शेळी म्हणजे काळीभोर, लोंबत्या कानांची, जुळी देण्यात पटाईत. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव 2023 ला धाराशिव झालं, तिला कुणी कळवलेलं दिसत नाही. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग पाठीवर हात फिरवतं, मग तोंड वाकडं करतं. तोंड जितकं वाकडं, तितका भाव खाली. मी आजवर शेळी घेतलेली नाही, पण घेणाऱ्याला बाजूला ओढून सल्ला दिल्याशिवाय बाजारातून हललेलोही नाही. शेळ्या मात्र माझ्याकडं बघून रवंथ करतात. त्यांच्या नजरेत मला आदर कधी दिसला नाही.

तर त्या दिवशी एका पोरीनं खांबाशी सूर मारला. गडी बाद झाला, तिचं कोपर सोललं. त्यावर माती चोळून ती पुन्हा चौकोनात उकिडवी बसली. शेजारच्या अण्णांनी मान तिरपी केली. "पाय चांगलंय. अंगानं हलकी हाय. पन दोन वर्सांत लगीन व्हईल, मग कशाचा खो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं टाळकं सरकलं. बाजारातला तो पाठीवर फिरणारा हात मला लख्ख दिसला, आणि त्यातली बोटं माझ्या ओळखीची निघाली. रोज उन्हात पळणाऱ्या पोरीचा भाव आम्ही सावलीत बसून करत होतो.

"तिचं लगीन तुम्ही कशाला काढताय?" मी उठून ओरडलोच. "ती खेळंल की चाळिशीपर्यंत!"

"तुमची कोन लागती?" अण्णा म्हणाले.

उत्तर जुळवायला मी दोन पावलं पुढं झालो. तेवढ्यात तीच पोर पळता पळता थांबली.

"काका, मागं सरका. रेषेच्या आत आलाय."