माजी कोचवर वाद कसा घालावा : चाकण पट्ट्यातल्या नवोदितांसाठी कार्यपद्धती

हेतू

इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हा फुटबॉल क्लब २०१९ मध्ये बंद पडला. त्यानंतर तो एकही सामना हरलेला नाही, त्यामुळे त्याच्याविषयी मनमोकळं बोलता येतं. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला शिफ्ट सुटल्यावर टपरीवर कधी ना कधी हा प्रश्न येतोच : ‘आपला सगळ्यात भारी कोच कोण?’ ‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा, हे विचारायचं नसतं. उत्तर द्यायचं असतं. ते देताना नवशिक्याची फजिती होऊ नये, एवढाच या कार्यपद्धतीचा हेतू.

लागणारे साहित्य

कटिंग चहा, गरजेनुसार. मोबाईल एक, फक्त स्कोअर तपासायला. तोही आपण हरायला लागल्यावरच बाहेर काढावा. माणसं किमान चार : कोल्हापूरचा एक, केरळचा एक, बंगालचा एक आणि हिंजवडीत संगणकावर बसणारा, मँचेस्टर युनायटेडला ‘आम्ही’ म्हणणारा एक. कोल्हापूरकर नसेल तर वाद पुढे ढकला. पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर उभा राहिलेला माणूस शेजारी नसेल, तर आवाजाची योग्य पातळी कळत नाही.

पायरी १ : मैदान पक्कं करा

सामने व्हायचे ते म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. चाकण एमआयडीसीतही महाळुंगे आहे. ‘मी महाळुंग्यालाच तर राहतो, मॅच रोज दिसायच्या’ असं बोलून गेलात तर वाद तिथेच संपतो. बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून बरेच लांब बसायचे. म्हणून डगआउटमधून कोच काय ओरडला हे कोणालाही ऐकू आलेलं नाही. टपरीवर मात्र प्रत्येकाला ते शब्दशः पाठ असतं. तुम्हीही एखादं वाक्य ठरवून ठेवा.

पायरी २ : हजेरीपट पाठ करा

२०१४ : इटलीचे फ्रँको कोलोम्बा. दिमतीला विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे. आठ संघांत सहावा क्रमांक.

२०१५ : डेव्हिड प्लॅट, १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल करणारा इंग्लंडचा खेळाडू. क्रमांक सातवा.

२०१६ : अँटोनिओ लोपेझ हबास. सहावा.

२०१७-१८ : सर्बियाचे रान्को पोपोविच. दहा संघांत चौथा, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा बाद फेरीत.

२०१८-१९ : मिगेल अँखेल पोर्तुगाल, तीन सामन्यांत गच्छंती, मग हंगामी प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राऊन. सातवा.

म्हणजे पाच मोसमांत सहा परदेशी कोच. एवढं तोंडपाठ असेल तर निम्मी टपरी गप्प बसते. बाकीची निम्मी ‘आकड्यांनी काय होतं भावा’ म्हणते, तिच्यासाठी पुढची पायरी.

पायरी ३ : बाजू निवडा

नवशिक्याने पोपोविचची बाजू घ्यावी, ती सर्वांत सोपी. एमिलियानो अल्फारो आणि मार्सेलिन्हो ही जोडी त्याच्या मोसमात पुण्याकडून खेळली. उपांत्य फेरीत बंगळुरूविरुद्ध बालेवाडीला ०-०, परतीच्या सामन्यात कंठीरव्यावर १-३. तीनही गोल सुनील छेत्रीचे. ‘छेत्री नसता तर...’ हे वाक्य इथे अनिवार्य आहे. पूर्ण करण्याची गरज नाही.

अनुभवी माणसं हबास घेतात, कारण त्यात गुंतागुंत आहे. हबासने २०१४ मध्ये कोलकात्याला इंडियन सुपर लीगचा पहिलावहिला चषक जिंकून दिला. पुण्यात आला आणि सहावा आला. पुढे पुन्हा कोलकात्याला गेला आणि २०१९-२० चा चषक उचलला. पुण्याच्या आधी विजेता, पुण्यानंतर विजेता. यातून माणसाची लायकी कळते की पुण्याची, यावर एक शिफ्ट सहज निघते.

पायरी ४ : नेतृत्वशैलीवर या

इथे प्रत्येकजण कोचच्या नावाने आपल्या सुपरवायझरबद्दल बोलत असतो. ते चेहऱ्यावर दाखवू नका.

मुख्य प्रश्न : माणसाला झापायचं ते केबिनमध्ये की लाईनवर, सगळ्यांदेखत? उदाहरण फिल ब्राऊनचं द्यावं. २६ डिसेंबर २००८ ला त्याचा हल सिटी मँचेस्टर सिटीकडून मध्यंतरालाच ४-० मागे पडला होता. ब्राऊनने खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये नेलंच नाही. हजारो प्रेक्षकांसमोर मैदानातच बसवून बोट नाचवत त्यांची हजेरी घेतली. सामना हल ५-१ हरला. ‘दुसऱ्या हाफमध्ये एकच गोल खाल्ला ना?’ असं म्हणणारा माणूस उत्पादन विभागातला समजावा. ‘पुन्हा कोण मनापासून खेळेल त्याच्यासाठी?’ असं विचारणारा नुकताच लाईनवर झापला गेलेला असतो. त्याचा चहा आपण सांगावा.

तापट स्वभावासाठी पोपोविचकडेही वळता येतं. पंचांच्या प्रकरणात शिस्तपालन समितीने त्याच्यावर बंदी घातली आणि ऐन मोसमात संघाला काही सामने त्याच्याविना खेळावे लागले. हबासनेही पुण्यातली सुरुवात निलंबनातच केली होती. ‘आपल्यासाठी भांडायचा’ आणि ‘स्वतःवर ताबा नव्हता’ ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. आपली बाजू बघून योग्य ते वापरावं.

पायरी ५ : व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस

कंपनीत शिकवलेलं ज्ञान वाया घालवू नका. पाच वेळा ‘का’ विचारा.

पुणे जिंकलं का नाही? संघ जमला नाही.
का जमला नाही? दर वर्षी बरेच खेळाडू नवे.
नवे का? कोच नवा, त्याला त्याची माणसं हवीत.
कोच नवा का? मागचा जिंकला नाही.
मागचा का जिंकला नाही? पहिल्या ओळीवर परत जा.

इथे टपरीवर थोडी शांतता पसरते. ती फुकट घालवू नका. लगेच हिशेब मांडा. कोलोम्बा, प्लॅट आणि हबास यांच्या वेळी लीग अडीच महिन्यांची होती आणि साखळीत सामने होते चौदा. पोपोविचला मिळाले अठरा, वर उपांत्य फेरीचे दोन. पोर्तुगालला तीन. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला १९८६ मध्ये नेमल्यावर मँचेस्टर युनायटेडला पहिला चषक मिळाला तो १९९० मध्ये. हिंजवडीवाल्याला हे माहीत असतं, पण ते त्याच्या तोंडून वदवून घ्यावं. मग एकच वाक्य टाका : आपले सगळे कोच कॉन्ट्रॅक्टवरचे होते. काही महिन्यांचा करार, मग ब्रेक, मग गेटवर नवीन माणूस. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा वारसा काय शोधता?

चाकणमध्ये हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ६ : हुकमाचा पत्ता

आता डेरिक परेरा काढा. हा गोव्याचा माणूस, एफसी पुणे सिटीचा नव्हेच; त्याच्या आधीच्या पुणे एफसीचा. अशोक पिरामल समूहाचा हा क्लब २००७ मध्ये सुरू झाला आणि याच बालेवाडीत खेळला. परेराने त्याआधी महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. पुण्यात त्याला सलग चार मोसम मिळाले. २००९-१० मध्ये संघ आय-लीगमध्ये तिसरा आला, २०१२-१३ मध्ये दुसरा. देशातल्या अव्वल लीगमध्ये पुण्याने याहून वर मजल मारलेली नाही. तरी त्याचं नाव टपरीवर सहसा आपणहून निघत नाही. तो विश्वचषकात खेळलेला नव्हता आणि त्याच्या क्लबच्या मालकांत एफसी पुणे सिटीसारखा हृतिक रोशनही नव्हता.

नेहमीच्या अडचणी आणि उपाय

अडचण : बंगालचा गडी म्हणतो, ‘२०१६ मध्ये कोलकात्याने हबासच्या जागी मोलिनाला आणलं आणि त्याच वर्षी जिंकले. मग कोच बदलल्याने नुकसान कुठे झालं?’
उपाय : याला उत्तर नाही. चहा सांगा.

अडचण : कोणी म्हणतो, ‘क्लबच बंद पडला, आता कोचचं काय घेऊन बसलात?’
उपाय : क्लबच्या मालकांपैकी वाढवान समूहाच्या आर्थिक अडचणींवर वाद वळवा. पुण्याची जागा हैदराबादने घेतली. ब्राऊनही तिकडे गेला आणि जानेवारी २०२० मध्ये त्यालाही काढलं. मग त्या क्लबने मानोलो मार्केझला थांबू दिलं. २०२१-२२ चा चषक हैदराबादने जिंकला, मार्केझच्या दुसऱ्या मोसमात.

अडचण : केरळचा माणूस कालिकतच्या स्थानिक स्पर्धांबद्दल बोलू लागतो.
उपाय : त्याला कोल्हापूरकराच्या शेजारी बसवा. बाकीच्यांनी निघावं.

सुरक्षा सूचना

कंपनीची बस सुटण्याआधी वाद मिटवू नये. मिटला तर उद्या बोलायला विषय राहत नाही. एचआरमधला माणूस टपरीवर असेल तर पायरी ५ गाळावी.

सराव

सोमवारी तुमच्या लाईनवर नवा मॅनेजर रुजू झाला, तर त्याच्याविषयीचं मत निदान चौदा शिफ्ट राखून ठेवून पाहा. तेवढ्यात त्याचीच बदली झाली, तर तुम्हाला फुटबॉल कळायला लागलं असं समजा.