तुझ्या मागे काय होतं?

माजिवड्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत लिफ्टचं दार उघडल्यावर फोडणीऐवजी टर्पेंटाइनचा वास आला, तर समजावं की चित्रकाकांचा मजला आला. चित्रकाका हे एका माणसाचं नाव नव्हे, ती एक जमात आहे. कापूरबावडीपासून बाळकुमपर्यंत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एखादे तरी निघतील. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर, आणि बोटांच्या पेरांवर प्रशियन ब्लू. हा रंग भाऊबीजेला नखात शिरला की तुळशीच्या लग्नाचे फोटोही निळ्या नखांनिशी निघतात.

सगळ्या चित्रकाकांचं पूर्वचरित्र एकाच साच्यातलं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिलेल्या, दुसरीत बी ग्रेड मिळालेली. ड्रॉइंगच्या सरांनी घरी येऊन ‘पोराला जे. जे.ला घाला’ म्हणून सांगितलेलं. वडिलांनी सरांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकल डिप्लोमाचा फॉर्म आणला. त्यानंतरची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या कुठल्याशा कंपनीच्या पर्चेस खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून पहिली खरेदी झाली ती ईझल, कॅनव्हास आणि कॅमलच्या ऑइल कलरच्या ट्यूबची. कॅमलवाल्या दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून धंदा सुरू केला, हा इतिहास काका दर नव्या पाहुण्याला ऐकवतात, कारण ट्यूबची किंमत ऐकल्यावर काकूंचं तोंड दुसरीकडे वळवायला काहीतरी लागतंच.

आता काढायचं काय, हा प्रश्न. माणसं काढावीत तर ती ओळखू यावी लागतात. मॉडर्न आर्ट काढावं तर समजावून सांगावं लागतं. डोंगराचं मात्र बरं असतं. तो चार बोटं उजवीकडे सरकला तरी तक्रार करायला येत नाही. तेव्हा निसर्गचित्र ठरलं. पण निसर्ग आणायचा कुठून? काका स्वतः कुठे जात नाहीत. कारणं काळानुसार बदलत गेली: आधी आईचं आजारपण, मग मुलीचं बाळंतपण, आता गुडघे. बरोबरीचे मित्र मात्र निवृत्तीनंतर सुटल्यासारखे फिरताहेत. कुणी लेह, कुणी मुन्नार, कुणी बारा दिवसांत निम्मं युरोप. त्यांचे फोटो रोज सकाळी सुप्रभाताच्या फुलांबरोबर मोबाइलवर येऊन पडतात. बाकीचे लोक त्यांना अंगठा दाखवून मोकळे होतात. चित्रकाका उत्तर पाठवतात, ‘हाच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. असा पाठवलास तर झाडांची भाजी होते.’

फोटो निवडण्यात पर्चेस खातं जागं होतं. एका जागेची तीन कोटेशनं आल्याशिवाय काका कॅनव्हासला हात लावत नाहीत. पँगाँग सरोवर तीन मित्रांनी पाठवलं, तर तीन निळे आले. ज्याचा फोन सगळ्यात नवा, त्याचा निळा सगळ्यात भडक. काकांनी तिघांना बोलावून विचारलं, की खरा निळा कुठला? पहिला म्हणाला, माझा. दुसरा म्हणाला, मला धाप लागली होती, मी रंग बघितला नाही. तिसरा म्हणाला, तिथे ‘थ्री इडियट्स’मधली ती पिवळी स्कूटर होती, तिच्यावर बसायला रांग होती. काकांनी मधला निळा पास केला आणि फायलीवर सही केल्यासारखी मान हलवली.

खर्चाचा हिशेबही असतो. बर्फाचे फोटो पाठवणारे मित्र महाग पडतात, कारण टिटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब एका आल्प्समध्ये संपते. बर्फ नुसता पांढरा फासला तर थर्माकोल दिसतो, हे काकांना पहिल्याच चित्रात कळलं. त्याच्या सावलीत निळा, उन्हात किंचित पिवळा-गुलाबी घालावा लागतो. फोनचा कॅमेरा या सावल्या एकतर काळ्या करतो नाहीतर पुसून टाकतो. म्हणून फोटोवर विसंबून काळा रंग उचलला, की दरीचा नाला होतो. काका काळी ट्यूब घरात ठेवतच नाहीत. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून अंधार घरीच तयार करतात.

पण मित्रांच्या फोटोतली खरी अडचण रंगाची नसते, मित्रांची असते. कुठल्याही फोटोत मधोमध ते स्वतः उभे असतात. मराठी माणूस परदेशी डोंगरापुढे उभा राहतो तो त्या डोंगराचा सातबारा नावावर झाल्याच्या थाटात. चित्र काढायचं तर त्याला तिथून उठवावं लागतं. आणि उठवलं की त्याच्या मागे काय होतं, हा पेच उभा राहतो. जुंगफ्राउयोखच्या फोटोवरून झालेला हा फोन सोसायटीत प्रसिद्ध आहे:

‘अरे, तुझ्या मागे काय होतं?’

‘मागे? डोंगर.’

‘तो दिसतोय. तुझ्या माकडटोपीच्या मागे काय होतं?’

‘टोपीच्या मागचं मला कसं दिसणार? मी पुढे बघत होतो.’

‘मग पुढे काय होतं?’

‘हिचा मोबाइल.’

काकांनी आठवडाभर नकाशे आणि पुस्तकं चाळली. जुंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर. दातेरी रुळांची गाडी आयगर पर्वताच्या पोटातून तिथे नेते. वर पोचल्यावर समोर पसरते ती ‘आलेच’ नावाची, आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी. ती अख्खी हिमनदी मित्राच्या माकडटोपीमागे गेली होती. मित्राला ही बातमी माजिवड्याच्या सोफ्यावर, चहात खारी बुडवताना मिळाली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तिकिटात धरली होती का रे ती?’

ऑइल पेंटिंगचा संसार घराला झेपतोच असं नाही. जवसाच्या तेलातला रंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. हवेतला प्राणवायू शोषून तो हळूहळू घट्ट होतो. म्हणून आधी पातळ थर, मग तेलकट थर, हा नियम. उलट केलं तर वरचा थर आधी आवळतो आणि वर्षा-दोन वर्षांत मॅटरहॉर्नला भेगा पडतात. ठाण्याच्या पावसाळ्यात तर सुकण्याचं नावच नको, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते ती वेगळीच. तेल पुसलेला बोळा कोपऱ्यात गोळा करून टाकला तर त्याच क्रियेने आतल्या आत तापतो आणि क्वचित आपोआप पेटतोही. हे कळल्यापासून काकू रोज रात्री गॅसचा कॉक बघतात, दाराची कडी बघतात आणि हाक मारतात, ‘अहो, तुमचे बोळे बादलीत टाकलेत का?’

चित्र बाल्कनीत वाळत असतं. आणि बाल्कनी घोडबंदर रोडच्या तोंडावर. एकीकडे उड्डाणपूल, दुसरीकडे वडाळा-कासारवडवली मेट्रोचे खांब, खाली डंपरची रांग. या सगळ्याची बारीक धूळ ओल्या रंगावर येऊन बसते आणि रंग तिला सोडत नाही. काकांनी आधी पडदा लावला, मग प्लास्टिक ताणलं, मग नाद सोडला. त्यामुळे त्यांच्या स्वित्झर्लंडला एक करडी झाक आहे. बघणारे त्याला काकांची शैली म्हणतात. काकाही आता तसंच म्हणतात.

टीकाकार असतातच. चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त कलाशिक्षक दर रविवारी येऊन सांगतात, की फोटोवरून काढणं म्हणजे कॉपी. निसर्गापुढे बसा. आबालाल रहिमान बघा, कोल्हापुरात कोटीतीर्थाच्या तळ्यावर जाऊन बसायचे. काका म्हणतात, ‘त्यांच्यासमोर कोटीतीर्थ होतं, माझ्यासमोर पिलर आहे.’ मास्तर म्हणतात, ठाणं तळ्यांचं शहर आहे, उपवनला जा. काका एकदा गेलेही. चित्रापेक्षा चित्रकाराभोवती गर्दी जास्त झाली. एकाने झाड कुठे असावं ते सांगितलं, दुसऱ्याने ‘यात माझी गाडी येईल का’ म्हणून विचारलं. तेव्हापासून वादात काकांनी परदेशी वकील ठेवले आहेत. मोरिस उत्रिलोने पॅरिसच्या गल्ल्या पोस्टकार्डांवरून रंगवल्या आणि देगा फोटोंची मदत घ्यायचा, हे ते घटनेतल्या कलमांसारखं म्हणून दाखवतात. मास्तर निरुत्तर होत नाहीत, पण चहा घेतात.

पूर्ण झालेलं चित्र ज्याचा फोटो त्याला भेट मिळतं. इथे दुसरा पेच. टू बीएचकेमध्ये मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर टीव्ही. शिवाय वास्तुशास्त्र. कुठल्या भिंतीवर पाणी चालतं, कुठल्यावर नाही आणि मावळता सूर्य तर कुठेच का नको, याबद्दल घरात प्रत्येकाचं मत असतं. त्यामुळे बरीच चित्रं पलंगाखाली राहतात आणि काका येणार असा फोन आला की खिळ्यावर चढतात. काकांना हे माहीत आहे. चढवताना चित्र उलटसुलट लागलं तरी ते काही बोलत नाहीत. फक्त मान वाकडी करून बघतात.

पण सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच. जुंगफ्राउयोखवाल्या मित्राच्या पत्नीने चित्र नीट पाहिलं, डावीकडून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, ‘भावजी, सगळं छान आहे, पण हे कुठे आहेत?’ तीन लाखांची ट्रिप आणि चित्रात नवराच नाही! काकांनी ब्रश मागवला आणि हिमनदीच्या काठावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला. ‘हे ते. इतक्या मोठ्या डोंगरापुढे माणूस एवढाच दिसतो.’ वहिनी खूष झाल्या. इतक्या, की नवऱ्याला जरा संशय आला. हिरव्यागार देखाव्यात लाल टोपीचा बारीक फटकारा ठेवायची सवय फ्रेंच चित्रकार कोरो यालाही होती, हे कलम काकांनी मागाहून शोधून फायलीला जोडलं. आता काकांच्या प्रत्येक चित्रात एक लाल ठिपका असतो. सहकुटुंब ट्रिप असेल तर दोन. त्यांच्यामधलं अंतर काका स्वतःच्या अंदाजाने ठरवतात.

कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात अशाच एका काकांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मित्रमंडळी सहकुटुंब आली आणि भिंतीला नाक लावून आपापला ठिपका शोधत फिरली. ज्याला सापडला तो तिथेच उभा राहून ट्रिप सांगायला लागला: तिथे वरणभात कुठे मिळाला, गाईडने कसं फसवलं, बस कशी चुकता चुकता राहिली. डोंगराचा उल्लेख कुणाच्याच बोलण्यात नव्हता. एका अनोळखी बाईंनी मात्र बर्फाच्या सावलीकडे बोट दाखवून विचारलं, ‘ही संध्याकाळची जांभळट झाक किती बरोबर आलीय! किती दिवस होतात तिथे?’

काका म्हणाले, ‘जानेवारी ते मार्च.’

यात खोटं काहीच नव्हतं. मित्र त्या कड्यावर वीस मिनिटं होता. त्यातली पाच स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि दहा पोज देण्यात गेली. काका त्या बर्फापुढे तीन महिने बसले. कुठल्या कड्याची सावली कुठे पडते, ढग कुठून आला असेल, वारा कुठल्या अंगाने वाहत असेल, याचा हिशेब त्यांनी माजिवड्याच्या बाल्कनीत डंपरचे हॉर्न ऐकत मांडला. तिकीट ज्याने काढलं तो जाऊन आला. बघून आले ते काका.

हल्ली या बघण्याचा मित्रांनाही संसर्ग झाला आहे. ट्रिपला निघण्याआधी काका हातात यादी देतात: सूर्य डावीकडे हवा, क्षितिज आडवं हवं, फोटोत बोट नको, तू तर नकोसच. परवा काश्मीरच्या सहलीत म्हणे टूर मॅनेजर ‘पाच मिनिटांत बस सुटेल’ म्हणून ओरडत होता आणि ठाण्याचे तीन ज्येष्ठ नागरिक दल लेककडे तोंड करून, बायकांच्या मोबाइलकडे चक्क पाठ फिरवून उभे होते. ‘पाण्यात डोंगराची सावली किती हलतेय ते लिहून आण असं सांगितलंय,’ एकाने खुलासा केला. बायकांनी परतल्यावर चित्रकाकांकडे रीतसर तक्रार नोंदवली आहे. या वेळी अल्बममध्ये नवऱ्यांच्या नुसत्या पाठी आल्या.

तेव्हा तुमच्या ओळखीत असा कुणी काका असेल, तर या सुट्टीत डोंगरापुढे उभं राहताना जरा बाजूला सरका. तुमच्या मागे कुणाचं तरी तीन महिन्यांचं काम उभं असतं. ठिपक्याची काळजी नको, तो काका घालतील.