दाबणारे आणि फिरवणारे

आमच्या 82 वर्षांच्या आईने गेल्या महिन्यात एका बड्या टेलिफोन कंपनीच्या यंत्राला चारी मुंड्या चीत केलं. हत्यार म्हणाल तर एक काळा फोन. डावपेच म्हणाल तर काहीही न करणे.

हा फोन आमच्या घरातला सर्वांत ज्येष्ठ नोकर. वडिलांनी 1974 साली नाव नोंदवलं आणि 1983 साली फोन आला. नाव नोंदवलं तेव्हा मी पहिलीत होतो, फोन आला तेव्हा दहावीत. बेंगळुरूच्या आयटीआयने घडवलेला, काळा कुळकुळीत, वजनाला वरवंट्यासारखा. तबकडीच्या मधोमध गोल कागदावर वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात नंबर. त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. पेढ्यांबरोबर नंबरही वाटला गेला आणि निम्म्या चाळीच्या नातेवाइकांच्या डायऱ्यांत तो पुढे 'पी.पी.' लावून जाऊन बसला. मग रात्री साडेनऊला कोणाच्या तरी मेहुण्याचा फोन यायचा आणि मला बनियनवर तिसऱ्या मजल्यावर पिटाळलं जायचं.

आता चाळीच्या जागी बावीस मजली टॉवर आहे. आम्ही चौदाव्यावर. भिंतीत तांब्याच्या तारेऐवजी काचेचा धागा आहे आणि त्याच्या टोकाला लुकलुकणारी पांढरी डबी. काळा फोन पलंगाच्या पेटीत गाद्यांखाली गेला. आईच्या हातात आम्ही मोबाइल दिला. पण म्हातारपणी बोटं कोरडी पडतात आणि काचेला कोरडं बोट कळत नाही. ती एकाला लावायला जायची, लागायचा दुसऱ्यालाच. एकदा भाचीला लावलेला फोन गॅसवाल्याला लागला आणि त्याचीच खुशाली अर्धा तास विचारून झाली. शेवटी तिने जाहीर केलं, "मला माझा फोन लावून द्या. मी दाबणार नाही. मी फिरवणार."

पांढऱ्या डबीला मागे फोनची खाच होती. वायर खुपसली, रिसीव्हर उचलला, तर चक्क टोन! मोबाइलवरून त्या नंबरला फोन केला, तर घंटाही वाजली. जरा घसा बसल्यासारखी, कारण असल्या घंटेच्या दोन वाट्या बडवायला चांगला पाऊणशे व्होल्टचा जोर लागतो आणि त्या नाजूक डबीला तो जेमतेम काढता येत होता. आई खूश. मग तिने भाचीचा नंबर फिरवला. टोन आपला चालूच. पुन्हा फिरवला. टोन हूं की चूं न करता, म्हणजे सतत हूं करत, चालूच.

कंपनीच्या ॲपवर तक्रारींची यादी होती: इंटरनेट मंद आहे, बिल जास्त आलं, पासवर्ड विसरलो. 'तबकडी फिरते पण नंबर लागत नाही' असा पर्याय नव्हता. मी 'इतर' निवडलं. 'इतर' हा आपल्या देशातला फार मोठा प्रवर्ग आहे. दुसऱ्या दिवशी एक सालस मुलगा आला. त्याने फोनचा फोटो काढला, फोनबरोबर स्वतःचा फोटो काढला आणि 'डबी उत्तम, लाइन उत्तम, ग्राहकाचं उपकरण जुनं' असा शेरा मारून तक्रार बंद केली. निदान बरोबर होतं. फक्त तेच निदान तो आईकडे बघूनही करेल की काय, अशी मला धास्ती वाटली.

खरा वैद्य आमच्याच टॉवरमध्ये, बी विंगला निघाला. निवृत्त लाइनमन. कधीकाळी याच चाळीत खांबावर चढलेले आणि दिवाळीची पोस्त घ्यायला आलेले. त्यांनी फोन उचलून आधी रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटला. "आत कोळशाचे कण असतात, बसतात एका जागी. हलवले की आवाज मोकळा होतो." मग घड्याळाकडे बघत शून्य फिरवून सोडला. तबकडी कर्र करत परत आली. "सव्वा सेकंद. आळशी झालाय. सेकंदाला दहा ठोके पडले पाहिजेत." तबकडीच्या पोटात दोन इवलीशी वजनं गरगरत असतात, तीच तिचा वेग ताळ्यावर ठेवतात. तिथे त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. एकच. दुसरा पडू लागला तो बोटावर झेलून मिशीला पुसला.

मग मला शिकवणी. हा फोन लाइन तोडून बोलतो. एक फिरवला की लाइन एकदा तुटते, नऊला नऊदा, शून्याला दहादा. "तबकडीला कुलूप असलं की तुम्ही पोरं खटक्यावर टिचक्या मारून नंबर लावायचात, ते हेच. बापाला बिल आलं की कळायचं." मी विषय बदलला. बटणांचा फोन मात्र सूर लावतो. प्रत्येक बटणाला एकदम दोन सूर. नव्या डबीला सूर कळतात, ठोके कळत नाहीत. म्हणजे आमचा फोन तबला वाजवत होता आणि समोर बसले होते फक्त पेटीवाले. मध्ये एक दुभाषी हवा. ठोके ऐकून सूर लावणारी ती काडेपेटीएवढी डबी 2,800 रुपयांना मिळाली. फोन घेताना वडिलांना एवढं वाईट वाटलं नव्हतं.

फोन लागला. आता प्रश्न दमाचा होता. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावावा लागतो. ज्याने हा नियम केला त्याने आयुष्यात तबकडी फिरवली नसणार. शून्य म्हणजे पार टोकापर्यंत जाऊन येणं, त्यानंतर पुन्हा दहा आकडे. नंबर नऊने सुरू होत असेल तर पहिल्या दोन आकड्यांतच 19 ठोके. आई मात्र म्हणाली, "बरंय. फोन लागेपर्यंत काय बोलायचं ते तरी ठरतं."

आणि मग बिलात घोळ झाला. फोन नव्याने चालू केल्याबद्दल कंपनीने 'सक्रियता शुल्क' लावलं. आईने तक्रारीचा नंबर फिरवला. यंत्र म्हणालं, मराठीसाठी 1 दाबा. आईने 1 फिरवला. आमचा दुभाषी नंबर लागेपर्यंतच कामाचा, बोलणं सुरू झालं की तो मौनात जातो. यंत्र म्हणालं, क्षमस्व, आम्हाला आपला पर्याय मिळाला नाही. तक्रार असल्यास 2 दाबा. आई मला म्हणाली, "हे तक्रार दाबायला सांगतायत."

यंत्राने तीनदा क्षमा मागितली. आई गप्प. मी या यंत्रापुढे आजवर आकडे दाबून दाबून अंगठा झिजवलाय आणि दर वेळी फिरून पहिल्या मेन्यूवर आलोय. पण दाबणाऱ्याला कसं फिरवायचं एवढंच त्या यंत्राला शिकवलेलं. जो दाबतच नाही त्याचं काय करायचं, ते कोणी सांगितलेलं नाही. ते गोंधळलं, खाकरल्यासारखं झालं, आणि पलीकडून एक जिवंत आवाज आला: "नमस्कार, बोला मॅडम." सात मिनिटांत शुल्क रद्द.

या तबकडीचा इतिहास पाहिला तर हा काव्यगत न्याय आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करी. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं परस्पर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणे. म्हणून त्याने मधलं माणूसच काढून टाकणारं स्वयंचलित एक्स्चेंज शोधलं आणि 1891 साली त्याचं पेटंट मिळवलं. अंत्यविधीवाल्याने माणूस संपवला, यात तक्रारीला जागा नाही. पण त्याच्याच वारशातली तबकडी फिरवून आज आमच्या घरातून माणूस मिळतो, हे त्याला कळलं तर तो पुन्हा धंद्याला लागेल.

बातमी लिफ्टमधून पसरली. आधी शेजारच्या वहिनी आल्या, "दोन महिने रिफंड अडकलाय, जरा तुमचा फोन मिळेल का?" मग नवव्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा आला. तो स्वतः असली यंत्रं बनवतो, पण आपल्या बँकेच्या यंत्रापुढे तोही हरलेला. आता संध्याकाळी हॉलमध्ये चार-पाच माणसं रांगेत बसलेली असतात. आईने फोनशेजारी रुपयाचा डबा ठेवलाय आणि त्याच्या कोपऱ्यात जुनं, तबकडीच्या भोकात बसणारं कुलूप. चाळ पाडली, पण पी.पी. पाडता आलं नाही.

काल फोन वाजला. आईने घेतला. कंपनीचंच यंत्र होतं. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी असाल तर 1 दाबा, नसाल तर 2 दाबा. आई रिसीव्हर कानाला लावून स्वस्थ बसली. मी म्हटलं, "ठेव ना, यंत्र आहे ते."

"थांब जरा," ती म्हणाली. "येईल कोणीतरी."

नऊ वर्षं फोनची वाट पाहिलेली बाई आहे. यंत्राचं काही खरं नाही.