आरपार की अर्धं?

भिवंडीत धामणकर नाक्यावर 'कोनाडेकर कुठे बसतात' असं विचारलंत तर कुणीही पत्ता सांगणार नाही. हे नाव आम्ही चहाच्या टपरीवर ठेवलेलं आहे आणि ज्यांचं ठेवलं त्यांनाही ते ठाऊक नाही. माणूस मात्र ओळखीचाच आहे. बांधकामं चालू असतील तिथे असा एक सापडतोच. झेरॉक्सच्या दुकानावरचा पोटमाळा, त्यात एक संगणक, नकाशांच्या भेंडोळ्या आणि खाली ट्रक गेला की हलणारं टेबल. आर्किटेक्टची पदवी यांच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांचं पान यांच्यावाचून हलत नाही.

कोनाडेकरांना अखंड भिंत बघवत नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करतात, आवाज ऐकतात आणि "साडेचार इंची" किंवा "नऊ इंची" असा निकाल देऊन मगच पाणी पितात. कामाचं बोलणं निघालं की त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच: "आरपार की अर्धं?"

त्यांच्या लेखी भिंतीला दोनच गोष्टी होऊ शकतात. दार, खिडकी, झरोका, यंत्रमागाच्या गाळ्यातलं एक्झॉस्ट पंख्याचं भोक, गोदामाचं शटर हे सगळं आरपार. कोनाडा, देवळी, भिंतीतलं फडताळ, न्हाणीघरातला शाम्पूच्या बाटल्यांचा खण हे सगळं अर्धं. मेट्रो ५ च्या स्थानकाला आपल्या नाक्याचं नाव मिळालं याचा टपरीवर सगळ्यांना आनंद झाला, तेव्हा हे वर काँक्रीटकडे बघत एवढंच म्हणाले, "केबलसाठी खाचा आधी सोडल्यात ना, म्हणजे झालं."

त्यांची उमेदवारी ट्रेसिंग पेपरवर झाली. तेव्हा शाईने भिंतीच्या दोन रेषा ओढायच्या आणि खिडकी हवी तिथे दाढीच्या अर्ध्या ब्लेडने त्या हलक्या हाताने खरवडायच्या. हात जड पडला की कागदच आरपार. मग संगणकावर ऑटोकॅड आलं. ते १९८२ चं, पण नाक्यावर बऱ्याच उशिरा पोचलं. त्यात ब्लेडचं काम 'ट्रिम' करू लागलं, स्वभाव मात्र कागदाचाच राहिला. नकाशात भिंतीच्या रेषेला एक खाच दाखवली की कोनाडा झाला. तो जमिनीपासून किती वर, किती उंच, वरून सपाट की कमानदार, हे कुणी विचारत नसे. ते मिस्त्री आणि घरातली आजी दोघं मिळून ठरवत.

रेव्हिटने ही सोय मोडली. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २००२ मध्ये ते विकत घेतलं आणि कालांतराने कोनाडेकरांच्या पोटमाळ्यावरही ते आलं. तिथे भिंत म्हणजे दोन रेषा नव्हेत. तिला जाडी आहे, उंची आहे, विटा आणि प्लास्टरचे थर आहेत. 'वॉल ओपनिंग' घेऊन भिंतीवर दोन कोपरे दाखवले की चौकोन पडतो, पण तो आरपारच. अर्ध्यात थांबायचं असेल तर सगळा घाट वेगळा. पोकळीचाच एक ठोकळा करायचा, त्याला 'व्हॉइड' म्हणतात. त्याला रुंदी, उंची, खोली द्यायची, भिंतीत खुपसायचा आणि मग भिंतीला बजावायचं की हा तुला कापणार आहे. नसलेल्या वस्तूला मापं देण्याचं हे काम कोनाडेकर इतकं जीव लावून करतात की चहावर साय धरते. त्यात या पोकळीसकटच्या वस्तूला तिथे 'फॅमिली' म्हणतात. "जुनी फॅमिली काढून टाका हो, नवीन बसवा, भिंतीला काही होत नाही," असं ते एकदा फोनवर ओरडून सांगत होते, तेव्हा शेजारच्या बाकावरचे काका भजी तशीच टाकून उठले.

कोनाडेकरांचा खरा कस लागला तो एका यंत्रमागवाल्या शेठच्या फ्लॅटमध्ये. शेठ आणि त्यांचा धाकटा भाऊ शेजारी शेजारी राहायला जाणार होते. मधली भिंत वाटणीची, साडेचार इंची. तीत शेठना देवाचा कोनाडा हवा होता, चांगला नऊ इंच खोल. नऊ म्हणाले म्हणून कोनाडेकरांनी नऊ भरले. मशीन अशा वेळी 'अहो, भिंत संपली' असं सांगत नाही, निमूट कापतं. शेठना पडद्यावर फिरवून दाखवताना गणपतीच्या पाठीमागून स्वच्छ उजेड आला आणि त्या उजेडात धाकट्या भावाच्या न्हाणीघराचा शॉवर दिसला.

"हे काय?"

"आरपार झालं," कोनाडेकर शांतपणे म्हणाले. "माप तुमचं, भिंत तुमची."

नऊ इंच हवेत तर भिंत जाड करून हॉलमध्ये पुढे घ्यावी लागेल, असं त्यांनी सुचवलं. पण शेठ कार्पेट एरियाचा इंच न् इंच मोजून पैसे भरलेले. शेवटी तडजोड तीन इंचांवर आली. गणपती मावला, समई बाहेर राहिली.

एका बाबतीत मात्र हा माणूस थट्टा करत नाही. बीम, कॉलम किंवा वरचा भार घेणारी भिंत दिसली की त्यांचा 'आरपार की अर्धं' बंद होतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे याच नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली इमारत झोपलेल्या माणसांसकट कोसळली. तो विषय निघाला की ते चहा ठेवून देतात. "ह्या भिंतीला नाही," एवढं म्हणतात. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, फाइल बंद.

रविवारी सुट्टी मिळाली तर ते तालुक्यातच लोनाडला लेणी बघायला जातात. एकदा मीही गेलो होतो. मी शिल्पपट शोधत होतो, हे दगडाला हात लावून उभे. "इथे कुणी काही बांधलंच नाही हो! नुसतं काढत गेलेत. सगळं अर्धं, एकही आरपार नाही. आणि अनडू नसताना!" एवढे भारावलेले ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिले नाहीत. त्या लग्नाच्या बैठकीत यांनी व्याह्यांना विचारलं होतं, "बोलणी आरपार करायची की अर्ध्यावर ठेवायची?" व्याही अजून जपून बोलतात.

तर शेठच्या घराचं बिल. भिंत मोजताना दार-खिडकीचं माप वजा होतं हे शेठना पक्कं ठाऊक. त्यांनी कोनाड्याचंही वजा धरलं. ठेकेदार म्हणाला, वजा कसलं, आतल्या पाच बाजूंना प्लास्टर केलंय, उलट वर द्या. कोनाडेकरांनी मोजणीचं मानक काढलं, आय. एस. १२००. विटकामात ०.१ चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा धरत नाहीत, प्लास्टरमध्ये ०.५ पर्यंतचं. हे पाठ असल्यामुळेच ते साधे कोनाडे बरोबर फूट बाय फूट काढतात; ०.०९३ भरतं, भांडण मिटतं. देवाचा कोनाडा तेवढा शेठच्या हट्टाने मोठा झालेला.

"म्हणजे जी भिंत नाही, तिचे पैसे मी द्यायचे?" शेठ.

"विटांचे नाही, प्लास्टरचे."

"बरं. आणि तुमचे?"

कोनाडेकरांनी कागद सरकवला. खिडक्यांचा दर एक, कोनाड्याचा दुप्पट.

"अहो साहेब, अर्धंच भोक, आणि पैसे दुप्पट?"

"आरपारला दोन क्लिक लागतात, शेठ. अर्ध्याला तासभर."

शेठनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, मनाशी काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाले, "मग आरपारच करून टाका. निम्मे पैसे धाकट्याकडून घेतो. अंघोळ करता करता त्यालाही दर्शन होईल."